किल्ला, चिठ्ठीपेटी आणि जिन्याच्या पायऱ्या : प्राथमिक शाळेतल्या नव्या समुपदेशक ताईंना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मराठी माध्यमाच्या शाळेत, पहिली ते चौथीच्या मुलांसाठी, या जूनपासून तुम्ही समुपदेशक म्हणून रुजू झाला आहात. स्वतंत्र खोली नाही, ग्रंथालयाचा एक कोपरा मिळाला आहे. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलंय की मुलांसाठी काहीतरी सर्जनशील उपक्रम घ्या आणि वर्षाअखेरीस प्रदर्शन लावा. तुमच्याकडे उपक्रमांची भलीमोठी यादी जमली आहे. त्यातलं काय घ्यावं, साहित्य कुठून आणावं आणि त्याचा मुलांना खरंच उपयोग होतोय हे ओळखावं कसं, हे तुम्ही विचारलंय.

आधी ती यादी बाजूला ठेवा. वर्षभराला चार-पाच उपक्रम पुरे होतात, पण तेच, पुन्हा पुन्हा. सात वर्षांचं मूल पहिल्या खेपेला साहित्य न्याहाळतं, दुसऱ्या खेपेला तुम्हाला न्याहाळतं, आणि त्यानंतर कुठे मनातलं थोडंफार बाहेर येऊ लागतं. दर आठवड्याला नवा उपक्रम आणला तर ते मूल कायम साहित्यच न्याहाळत राहील आणि तुम्ही कायम तयारीच करत राहाल. मुलांना तोच खेळ परत हवा असतो. "आज पण तेच करायचं का?" हा प्रश्न कंटाळ्यातून आलेला नसतो, खात्री करून घेण्यासाठी विचारलेला असतो.

दुसरं, बसायची जागा. पहिलीतल्या मुलाला समोर बसवून "काय झालं बाळा, सांग बरं" म्हटलं की तो खांदे उडवतो, नाहीतर तुम्हाला आवडेल असं उत्तर देतो. त्याचे हात कशात तरी गुंतलेले असले आणि तुमच्या डोळ्यांत बघावं लागत नसलं, की तोच मुलगा सहज बोलतो. म्हणून सतरंजीवर त्याच्या शेजारी बसा आणि आपल्याही हातात काहीतरी काम ठेवा. मी बहुतेक वेळा चिंचोके निवडत बसते.

आता उपक्रमांकडे येऊ. मला एकच ठेवायला सांगितला तर मी किल्ला ठेवेन.

लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२९ च्या सुमारास मुलांना वाळूचा ट्रे आणि छोटी छोटी खेळणी देऊन "तुझं जग मांड" असं सांगायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच वाळूच्या ट्रेची उपचारपद्धती उभी राहिली आणि आज तिची वेगळी प्रशिक्षणं असतात. आपल्याकडच्या मुलांना हे शिकवावंच लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत माती, विटा, गोणपाट घेऊन ती आपणहून किल्ला करतात, आळीव पेरतात, मावळे मांडतात, पायथ्याला गाव वसवतात. मी एवढंच करते की हा किल्ला दिवाळीपुरता न ठेवता वर्षभर परातीत आणते. एक मोठी ॲल्युमिनियमची परात किंवा घमेलं, अर्धं भरेल इतकी चाळलेली माती, पाण्याची छोटी बाटली आणि एक खोकं. खोक्यात दिवाळीनंतर स्वस्तात मिळणारे मातीचे मावळे, प्लॅस्टिकची जनावरं, काडेपेटीची घरं, शिंपले, बाटल्यांची झाकणं, मोडकी गाडी, कापडाच्या चिंध्या. माणसं हरतऱ्हेची हवीत : म्हातारी, पोलीस, तान्हं बाळ, डॉक्टर. ती मिळत नाहीत, म्हणून कपड्यांच्या चिमट्यांना तोंडं रंगवून करायची.

साहित्याला पैसे नाहीत म्हणून अडून बसू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पानं घेतली. ती वाट आजही तितकीच चालते. लग्नपत्रिका जमवा, त्यांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. शिंप्याकडून चिंध्या मागा. शाळेतल्या मावशींना विश्वासात घ्या, कारण माती सांडणार आहे आणि ती रोज त्यांनी झाडायची आहे. मुलांनी स्वतः आवरायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. पस्तीस मिनिटांच्या तासातली शेवटची दहा मिनिटं आवरण्यात आणि हात धुण्यात जातात, ती आधीच धरून चाला.

किल्ला चालतो कसा ते सांगते. चौथीतला एक मुलगा माझ्याकडे पाठवला होता, दुपारच्या सत्रात मारामाऱ्या करतो म्हणून. सकाळी ठीक असायचा. त्याला मी मारामारीबद्दल काही विचारलं नाही, "तुला हवा तसा किल्ला कर" एवढंच म्हटलं. त्याने मधोमध एक छोटी प्लॅस्टिकची गाय ठेवली आणि खोक्यातले झाडून सगळे मावळे तिच्याभोवती उभे केले, दोन रांगांत, तोंडं बाहेरच्या बाजूला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "या गाईवर बरेच जण पहारा देतायत." तो म्हणाला, "ती लहानंय. तिला दार लावता येत नाही." हळूहळू कळलं ते असं : अंगणवाडी दुपारी सुटते, धाकटी बहीण एकटी घरी येते, आई कामावरून पाचला येते. सकाळभर त्याला काही वाटायचं नाही, पण मधली सुट्टी संपली की त्याचं सगळं लक्ष घराकडे लागायचं आणि मग कोणी नुसता धक्का दिला तरी हात उठायचा. आईशी बोललो, अंगणवाडीच्या सेविकांशी बोललो. शेजारच्या काकूंनी त्या मुलीला दुपारी आपल्याकडे बसवून घ्यायचं कबूल केलं. मारामाऱ्या एकदम थांबल्या नाहीत, पण महिनाभरात वर्गशिक्षिकेने त्याचं नाव घेणं सोडलं.

यात मी काही अर्थ लावला नाही, हे नीट लक्षात घ्या. गाय म्हणजे बहीण, हे मला ठाऊक नव्हतं. मी जे दिसलं ते बोलून दाखवलं आणि थांबले. "ही गाय म्हणजे तू का?" असं मी विचारलं असतं तर त्याने "हो" म्हटलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता.

चित्रांच्या बाबतीत तर हे दहापट महत्त्वाचं आहे. काळा रंग म्हणजे दुःख, दार नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, मोठे हात म्हणजे आक्रमकता, अशा याद्या फिरत असतात. त्यांच्यावर विसंबू नका. तेलखडूच्या डबीत शेवटी काळा आणि तपकिरीच उरतो, कारण लाल-पिवळे आधी संपतात. तिसरीतल्या एका मुलीने घर काढलं आणि स्वतःला अंगणात एकटीला काढलं. दार बंद. बघणाऱ्या बाईंच्या मनात लगेच पाल चुकचुकली. मी म्हटलं, "या चित्रात काय चाललंय ते मला सांग ना." ती म्हणाली, "आत आजी झोपलीय. तिचं ऑपरेशन झालंय. मी दारात लगोरी लावतेय, पण फोडत नाहीये, आवाज होईल म्हणून." घरातल्या आजारपणाचा ताण होता, तो पुढे आम्ही बोललोही, पण त्या मुलीला कोणी घराबाहेर काढलेलं नव्हतं. "हे काय काढलंस?" असं विचारण्यापेक्षा "काय चाललंय ते सांग" म्हणा. पहिल्या प्रश्नात मुलाला आपलं चित्र चुकल्यासारखं वाटतं.

'माझं कुटुंब' आणि वंशवृक्ष हे उपक्रम तुमच्या यादीत नक्की असणार. ते काढून टाका. ज्याचे वडील घर सोडून गेलेत, जो मामाकडे राहतो, जिची आई वारली आहे, त्या मुलांना झाडाच्या रिकाम्या फांद्या सगळ्या वर्गासमोर दाखवाव्या लागतात. त्याऐवजी मी 'माझी माणसं' घेते. कागदाच्या मध्ये मुलाने स्वतःला काढायचं. मग मी प्रश्न विचारत जाते : सकाळी तुला कोण उठवतं? वेणी कोण घालतं? प्रगतिपुस्तकावर सही कोण करतं? रात्री भीती वाटली तर कोणाजवळ सरकतोस? तुझ्या विनोदाला कोण हसतं? ज्याचं नाव येईल त्याला काढायचं, जवळचा जवळ, लांबचा लांब. रिक्षावाले काका येतात, शेजारची ताई येते, कुत्रं येतं. एका मुलाने पोषण आहाराची खिचडी वाढणाऱ्या मावशींना स्वतःला चिकटून काढलं होतं, कारण "त्या मला माझ्या नावाने हाक मारतात." या एका कागदातून मुलाला आधार कुठे आहे ते तुम्हाला कळतं, आणि पुढे अडचण आली तर कोणाला बोलवायचं तेही. कुणाच्या कागदावर एक-दोनच माणसं असली तर त्या मुलाकडे जास्त लक्ष द्या, पण त्याच्यासमोर चेहरा पडू देऊ नका.

रागासाठी भिंतीवर थर्मामीटरचं चित्र लावतात. लहान मुलांना त्यातलं वर-खाली फारसं उमगत नाही. शाळेला जिना असेल तर तोच वापरा. खालची पायरी म्हणजे शांत, वरची म्हणजे "आता मी मारणार". मूल प्रत्यक्ष पायऱ्या चढतं आणि सांगतं : दुसऱ्या पायरीवर कान गरम होतात, तिसऱ्या पायरीवर मुठी वळतात, चौथ्या पायरीवर काही ऐकू येत नाही. मग प्रत्येक पायरीवरून खाली यायला काय करता येतं, ते त्यानेच शोधायचं. पाणी पिऊन येणं, बाईंना खूण करणं, भिंत जोरात ढकलणं, जागा बदलणं. ही चर्चा राग शांत असताना करायची असते. चिडलेल्या मुलाला जिन्यावर नेऊन उपयोग नाही. पुढे वर्गात बाईंनी हळूच "कितवी पायरी?" एवढं विचारलं तरी पुरतं, आणि मूल बोटं दाखवतं. हे वर्गशिक्षिकेला शिकवल्याशिवाय मात्र काहीच होणार नाही, कारण राग ग्रंथालयाच्या कोपऱ्यात येत नाही, गणिताच्या तासाला येतो.

ज्यांचा राग बोलण्यात येत नाही त्यांच्यासाठी शाडूची माती. गणपतीच्या आधी ती सगळीकडे मिळते, तेव्हाच वर्षाची पोती घेऊन ठेवा. मळायला लागते, थापटायला लागते, आणि केलेलं मोडता येतं. मोडण्याची मुभा फार मोलाची आहे. बैलपोळ्याला किंवा बेंदराला बैल करायला द्या, खेड्यातली मुलं तुम्हाला वशिंड कसं हवं ते शिकवतील. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाने इतरांना काही शिकवण्याची ती वर्षातली पहिली वेळ असू शकते.

चिठ्ठीपेटी सगळेच सुरू करतात आणि दोन महिन्यांत तिच्यावर धूळ बसते. कारण सरळ आहे, चिठ्ठीला उत्तर येत नाही. शाळेत तक्रारपेटी असतेच. ही पेटी तिच्याहून वेगळी ठेवा आणि किल्ली फक्त तुमच्याकडे. जागा अशी निवडा की टाकताना चारचौघांचं लक्ष जाणार नाही, पण मूल एकटंही पडणार नाही. पाण्याच्या टाकीजवळचा व्हरांडा बरा, कारण तिथे जायला कारण लागत नाही. चिठ्ठ्या छापून ठेवा : नाव, इयत्ता, आणि खाली दोन चौकोन, एकात कान काढलेला, एकात डोळा. कानावर खूण म्हणजे 'मला बोलवा', डोळ्यावर खूण म्हणजे 'फक्त वाचा'. ज्याला लिहिता येत नाही तो चित्र काढेल किंवा नुसती खूण करेल. पेटी रोज उघडा, शनिवारीसुद्धा. कानाची चिठ्ठी असेल तर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी भेटा. बोलावताना वर्गाच्या दारात उभं राहून नाव पुकारू नका. त्याच्याबरोबर आणखी तिघांना काहीतरी कामासाठी बोलवा. पहिले काही आठवडे "त्याने माझा खोडरबर घेतला" हेच येईल. त्याचंही मनापासून उत्तर द्या. खोडरबराच्या चिठ्ठीचं काय होतं, हे बघूनच मूल पुढची चिठ्ठी टाकायची का ते ठरवतं.

आणि कधीतरी ती पुढची चिठ्ठी येते. कोणी नको तिथे हात लावला, कोणी काही दाखवलं, कोणी धमकावलं. त्या वेळी उपक्रम संपतो. मुलाला पुनःपुन्हा विचारू नका, "मग त्याने असं केलं का?" असे शब्द तोंडात घालू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही" हे म्हणा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. शाळेची अब्रू, ओळखीचा माणूस, गावातली भांडणं, यातलं काहीही त्याच्या आड येता कामा नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांना पाठ करून घ्या आणि तो पेटीवरही लिहा. सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचं सत्र घ्याल त्या दिवशी सत्रानंतरचे दोन तास मोकळे ठेवा. सत्र झालं की काही मुलं तुमच्या आजूबाजूला घोटाळतात, ती उगाच नाही.

गटासाठी माझा आवडता उपक्रम चित्रकथीचा. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एकेक चित्र समोर धरत, गात-बोलत गोष्ट सांगतात. मुलांना हा प्रकार लगेच जमतो. सहा-सात जणांचा गट करा, प्रत्येकाने एक पान काढायचं, गोष्ट एका प्राण्याची : नव्या जंगलात आलेलं हरीण, ज्याला कोणी खेळायला घेत नाही. पहिली तीन पानं अडचणीची, मग मदत कुठून आली, मग काय झालं. सांगणारा चित्राच्या मागे असतो, त्यामुळे वर्गात कधीही न बोलणाऱ्या मुलीचाही आवाज निघतो. गट करताना एक पथ्य पाळा. सगळी 'त्रासदायक' मुलं एका गटात घालू नका. दोन दंगेखोर, दोन गप्प, दोन जरा स्थिर अशी सरमिसळ करा. नाहीतर शाळेत 'समुपदेशनवाली मुलं' असा शिक्का तयार होतो आणि तो पुसता पुसत नाही. घरी अहिराणी, गोरमाटी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांना गोष्ट आपल्या बोलीत सांगू द्या. रडू किंवा राग प्रमाणभाषेत येत नाही.

तुमची शाळा कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मराठवाड्यात किंवा नगरच्या बाजूला असेल तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार तुम्हाला करावाच लागेल. काही मुलं आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मागे राहतात, आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. जाणाऱ्या मुलासाठी वर्गाने एक कापडी पिशवी भरावी : प्रत्येकाचं एक चित्र, कोरी वही, शाळेचा पत्ता घातलेली पोस्टकार्डं. त्याची बसायची जागा कोणाची ते वर्गाने ठरवून ठेवावं आणि तो परत आल्यावर त्याला तिथेच बसवावं. मागे राहिलेल्यांसाठी दोऱ्याची माळ : आई-बाबांचा फोन आला की एक मणी ओवायचा. फोनवर काय बोलायचं ते आधी चित्रात काढून ठेवायला सांगा, कारण फोन आला की मुलांचे शब्द अडतात आणि "बरा आहे" म्हणून फोन खाली ठेवला जातो.

उपयोग होतोय हे ओळखायचं कसं, याचं उत्तर उपक्रमाच्या वेळी मिळत नाही. कोपऱ्यात सगळीच मुलं खूष असतात. मधल्या सुट्टीत मैदानावर जाऊन उभं राहा आणि बघा : डबा कोणाबरोबर खाल्ला जातोय, खेळात हरल्यावर काय होतंय, वर्गातून पाणी प्यायच्या निमित्ताने किती वेळा बाहेर येतोय. हजेरीपट बघा. पोटदुखीने सोमवारी घरी राहणारी मुलगी आता येते का? वर्गशिक्षिकेला महिन्यातून एकदा एकच प्रश्न विचारा, "याच्याबद्दल तुम्हाला आता काय वेगळं दिसतं?" एका पानाची नोंद ठेवा, त्यात निदान नको, दिसलेलं तेवढं लिहा. अक्षरं उलटी काढणं, वाचनात सतत अडखळणं, ऐकू कमी येणं असं काही जाणवलं तर खेळात महिने घालवू नका. पालकांना समजावून तपासणीला पाठवा. बऱ्याच 'हट्टी' मुलांना फळा दिसत नसतो.

राहिला प्रदर्शनाचा प्रश्न. मुख्याध्यापिका बाईंशी आत्ता, जूनमध्येच बोला. किल्ल्याचे फोटो, 'माझी माणसं'चे कागद, चिठ्ठ्या आणि रागाच्या वेळी केलेली माती प्रदर्शनात जाणार नाही, शाळेच्या व्हॉट्सॲप गटावरही नाही, हे स्पष्ट सांगा. कारणही सांगा : जे सगळ्यांना दाखवलं जाणार आहे असं मुलाला कळतं, ते तो सगळ्यांना आवडेल असंच करतो. प्रदर्शनासाठी म्हणून वेगळं काम घ्या. चित्रकथी त्याला उत्तम. जानेवारीत सुरू केलीत तर वार्षिक परीक्षेआधी चार-पाच गटांच्या गोष्टी तयार होतात. पालकसभेच्या दिवशी मुलांना त्या सांगू द्या. ज्यांना सांगायच्या नाहीत त्यांनी पानं उलटावीत. बाकीचं सगळं प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात ठेवा आणि वर्ष संपताना एकेकाला विचारा, घरी न्यायचं, तुमच्याकडे ठेवायचं की फाडून टाकायचं. फाडायचं म्हणाला तर कागद त्याच्या हातात द्या.